घडीवरचं गाव

हवल्लीत, तुनिस रस्त्याच्या आतल्या अंगाला
आमचं झेरॉक्सचं दुकान.
मालक महिन्यातून एकदा यायचा, गल्ला मोजायला.
बाकीचे दिवस मी आणि मशीन.

उस्ताद वसफी यायचे गुरुवारी, शाळा सुटल्यावर,
बोटांवर खडू तसाच.
पिशवीतून कागद काढायचे
तान्ह्याची टाळू सांभाळावी तसे.

एक पावती जमीनपट्टीची. साल पस्तीस.
तीन लिप्या, एक शिक्का,
खाली साहेबाची सही, घाईतली, उजवीकडे कललेली.
मी म्हटलं, उस्ताद, ही सही ओळखीची आहे,
आमच्या दाभोळला पत्र्याच्या ट्रंकेत
आजोबांच्या साऱ्याच्या पावतीवर
असंच शेपूट आहे.
ते हसले. म्हणाले, एकाच मास्तराकडे शिकले असतील.

दुसरी दंडाची.
संपाचं वर्ष. कुणीतरी टेलिफोनची तार तोडली,
दंड अख्ख्या गावाला.
शिपायांनी घरात शिरून पीठ, मसूर, तेल
जमिनीवर एकत्र कालवलं.
आई तीन दिवस मसूर निवडत होती.
मुख्तारनं घरटी पैसे गोळा करून भरले.
"पावती मात्र दिली हं," उस्ताद म्हणायचे,
"शिस्तीचे लोक."

तिसरा कागद इथलाच, पगाराचा.
पाच टक्के कापलेले, मुक्तीसाठी.
तोही ते जपून ठेवायचे.
जमीन सोडून सगळ्याचा हिशेब होता त्यांच्याकडे.

गावाचं नाव नेमकं घडीवर आलेलं.
उभी घडी, तिन्ही ओळींतून गेलेली.
आधी वडलांच्या कमरेला, मग तंबूत उशीखाली,
मग बसऱ्याहून वाळवंटातून इथवर.
प्रत काढली की तिथे पांढरी रेघ यायची.
मी काच पुसली, शाई वाढवली,
कागद तिरका ठेवून पाहिला.
"राहू दे," म्हणाले, "मला वाचता येतं."

एकदा सोबत मुलगी होती, रिहाब, इथेच जन्मलेली.
तिनं मोठ्यानं वाचलं. चुकलं.
ते काही बोलले नाहीत,
पिशवीला गाठ मारत बसले,
सुटलेली नसताना.

मग तो ऑगस्ट.
आम्हाला बसमधून अम्मानच्या दिशेनं नेलं,
आठ दिवस तंबूत, डोळ्यांत धूळ, रांगेत पाव.
मग विमान, मग एसटी, मग दाभोळ.
उंबऱ्याबाहेर थांबवून आईनं मीठमोहऱ्या उतरवल्या.
एवढंच. मी परत आलो होतो.

ब्याण्णवला व्हिसा पुन्हा लागला.
हवल्लीत कपड्यांच्या दोऱ्या रिकाम्या,
फलाफलवाल्याच्या शटरवर दुसऱ्याच कुणाचं कुलूप.
किराणावाला हमजाकोया म्हणाला,
उस्तादांना इकामा मिळाला नाही, महिन्याची मुदत दिली,
गेले अम्मानला.
मी विचारलं, परत?
तो म्हणाला, परत कसले, पहिल्यांदाच.

मशीन धुळीनं भरलेलं.
खालच्या रद्दीच्या कप्प्यात त्यांच्या पावतीची
एक बिघडलेली प्रत सापडली.
पाठीमागे माझ्याच अक्षरात
चहा, टोनर, दोन दिनार उधारी.

मी ती सपाट करून ठेवली आहे.
नाव कुठे तुटतं ते बोटाला पाठ झालंय.
उच्चार मात्र
विचारायचा राहिला.