तिन्ही रूपं सारखी

अप्पा बळवंत चौकात, गाइडांच्या दुकानावर,
दुसऱ्या मजल्यावर संध्याकाळी सातचा वर्ग.
आढाव मिसनी फळ्यावर लिहिलं, हर्ट.
खाली परत हर्ट. त्याखाली पुन्हा हर्ट.
म्हणाल्या, हे क्रियापद बदलत नाही.
आज, काल, आणि होऊन गेलेलं असतं तेव्हाही
तिन्ही रूपं सारखी.
पाठ करायला सोपं.

मागच्या बाकावर मी. वय एकावन्न.
नाना पेठेत डॉक्टर पोकर्णांकडे बावीस वर्षं ड्रेसर.
एवढ्याशा शब्दात माझं कपाट मावेना.
खरचटलं त्याची बाटली वेगळी,
चिरलं त्याला सुई-दोरा काढायचा,
पोळलं तर जाळीची पट्टी, तीही ओली,
ठेच असली की आधी नख बघायचं,
आणि मुका मार, तो त्या दिवशी गप्पच असतो,
दुसऱ्या दिवशी बोलतो. निळा.
टेंगूळ, ओरखडा, वळ, कुरूप,
सगळ्यांना हाक मारायला एकच नाव?
आमच्याकडे अशाने केसपेपर बदलतात.

मिस म्हणाल्या, वाक्य करा.
केतन उबाळे रात्री पिझ्झा पोचवतो,
कोपराला खपली, कात्रज घाटातली.
म्हणाला, रोड हर्ट मी.
वर्ग हसला. मिस हसल्या नाहीत.
म्हणाल्या, व्याकरण बरोबर आहे.
मग शमीम तांबोळी, घड्याळाकडे बघत,
माय शूज हर्ट.
म्हणजे बुटांना लागलं? मी विचारलं.
नाही हो काकू, बूट लागतात.

अच्छा.
लागतात तर आपल्याकडेही. बूट लागतात,
तहान लागते, दिवे लागतात,
दहावीचा निकाल लागतो, टँकर आला की रांग लागते,
भाजी करपली की बुडाला लागते,
अकराच्या सुमाराला टीव्हीसमोर डोळा लागतो,
आणि सिग्नलला कोणी घसरलं
की अख्खा चौक गाड्या स्टँडला लावून विचारतो,
लागलं का हो?
त्यात कुठे, हे विचारायची पद्धत नाही.

माझी पाळी आली.
म्हटलं, उद्या करते.

वाक्य मला येत होतं.
वर्गाला नाव घालायच्या आधीपासून पाठ होतं.
अन्विता गॅलरीत, फोनवर, कोणाला तरी,
आईला नको सांगू. ती हर्ट होते लगेच.
मी आत तांदूळ निवडत होते.
काय नको सांगू, ते शेवटपर्यंत कळलं नाही.
शब्द तेवढा राहिला, सुपातल्या खड्यासारखा.
दुसऱ्या दिवशी पोकर्णांच्या शब्दकोशात पाहिला.
इजा, दुखापत, जखम, नुकसान.
चौघांनाही मी बावीस वर्षं ओळखते.
त्यांतलं कोणी आमच्या गॅलरीत नव्हतं.
मग फी भरली. अडीच हजार, दोन हप्त्यांत.

वर्ग सुटल्यावर चालत आले.
लक्ष्मी रोडवर पुतळ्यांच्या साड्या उतरवत होते.
घरी अन्विता सोफ्यावर, पाय वर घेऊन,
ऑफिसचे नवे सँडल दाराशी उताणे,
टाचेवर फोड, फुटलेला.
पर्समध्ये कापूस असतोच माझ्या.
पुसलं, कोरडं केलं.
जखमेवर फुंकर घालायची नसते,
पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांनी शिकवलेलं.
घातली.

"आई गं, केवढं हर्ट होतंय."
"होतंय नाही. इट हर्ट्स.
वर्तमानकाळ आहे. एस लागतो."
ती हसायला लागली. पाय हलला,
पट्टी तिरकी बसली, काढून परत लावली.
"बरं. आणि भूतकाळात?"

पट्टीची दुसरी कड अंगठ्याने दाबत
मी म्हटलं,
"नाही लागत."