शेऱ्याचा रकाना

रविवारी पहाटे साडेपाचला मी माथनीच्या घाटावर
टेबल मांडते. तीन पाय त्याचे, चौथ्याच्या जागी विटा.
वहीत पाच रकाने: नाव, गाव, गळ किती,
मासा केवढा, आणि शेवटी शेरा.

गेल्या साली चाळीस पास दिले.
त्याच्या आधी पासच नव्हते,
ज्याच्या हाती दांडी, कन्हान त्याची.
यंदा बारा.
तेरावा फटफटीवरून उतरतो
आणि मी वही फिरवून त्याच्यापुढे धरते.
तो वाचत नाही.
"कामठीहून आलो न बाई, पेट्रोल जाळून."
मी म्हणते, चहा घ्या.

टेबलाच्या कडेला दोन खिळे आहेत,
बाबांच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या अंतरावर.
त्याहून आखूड मासा पाण्यात परत.
खिळे ठोकताना बाबांनीच हात आडवा ठेवला होता.
"माह्या हाताएवढी मरळ आता कुठं, पोरी,
तुह्या हातानं मोज."
मी नाही मोजलं.

आषाढात पाणी चढतं,
काठच्या बेशरमीत मरळींचं जोडपं
पिल्लं घेऊन फिरतं.
वर तांबडा गोळा, तवंगासारखा थरथरणारा,
खाली गढुळात आईबाप.
हे शहरात कळलं त्या सालापासून
रबरी बेडूक नेमका गोळ्यावर पडू लागला.
तिला भूक नसते तेव्हा.
तोंड उघडते ती हाकलायला,
गळ लागतो तो तिच्या रागाला.
मग गोळा दुपारभर तिथंच गरगरतो,
संध्याकाळी अर्धा,
सकाळी टेंगऱ्यांनी आटोपलेला.

म्हणून नियम सहावा: पिल्लांवर गळ नाही.
सोसायटीच्या सभेत त्यावर तीन तास गेले.
सुकराम वलथरे म्हणाला,
"जाळं आपलं, गळ त्यायचा.
आपण दोन महिने जाळं वाळत घालन
तवाच त्यायले तोंड वर करून सांगता येईन."
कोणी हललं नाही.
रेवंताकाकू मागून बोलली,
"घाला नं बाप्पा वाळत. कढईत तसे बी वटाणेच शिजते."
हसू फुटलं, ठराव झाला.
जाळी अजून समाजमंदिराच्या भिंतीवर आहेत.
पोरं त्यांत क्रिकेट खेळतात.

आज पास क्रमांक चार,
धंतोलीचे घोषालबाबू, रेल्वेतून रिटायर,
एक दांडी, एकच गळ,
त्याचाही काटा घरूनच पकडीनं दाबून आणलेला.
पावणेनऊला दोन्ही हातांत ओली गोणी धरून आले.
आत मरळ. खिळ्यांच्या पुढं चार बोटं.
बाबा असते तर उठून उभे राहिले असते.
"लिहा," म्हणाले. "बेशरमीपाशी लागली.
पिल्लं मला नंतर दिसली."
नंतर, हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला.

मापात बसत होती. नियमात नव्हती.
मी काही बोलायच्या आत
ते गुडघाभर पाण्यात गेले,
गोणी उघडून धरली, बराच वेळ.
ती गेली. कुठल्या बाजूला, ते दोघांनाही दिसलं नाही.
तांबडा गोळा होता तिथं आता फक्त पाणी होतं,
किंवा ऊन डोळ्यांवर आलं होतं.

पँट पिळत त्यांनी पलीकडच्या काठाकडे पाहिलं.
तिथं तीन ट्रॅक्टर वाळूत चाकापर्यंत रुतलेले,
फावड्यांचा आवाज इथपर्यंत.
भांडायचा सूर नव्हता त्यांचा,
पासाचे पन्नास रुपये परतही मागितले नाहीत.
एवढंच विचारलं,
"ओदेर, म्हणजे त्यांना,
कितव्या नंबरचा पास दिलाय?"

शेऱ्यात मी लिहिलं:
मरळ, नर की मादी कळलं नाही. सोडली.
खाली थोडी जागा उरली होती.
घोषालबाबूंची दुर्बीण मागून घेतली
आणि ट्रॅक्टरचे नंबर उतरवले.
दोन पूर्ण.
तिसऱ्याच्या पाटीवर चिखल होता,
शेवटचा आकडा एक की सात,
अजून बघते आहे.