बारा हात

एप्रिलात बसवलं आम्ही ते नाटक, नॉर्वेचं.
थंड देशातली माणसं, म्हणून
सेलूच्या अप्सरा बँडकडून कोट आणले,
खांद्यावरच्या सोनेरी झालरी उसवून.
एकाच्या खिशात सापडली
कुणाच्या तरी वरातीतली चिल्लर.

डॉक्टरचं काम आफरीनला.
पोरांना पाठांतर होईना, तिला दोन दिवसांत सगळं तोंडपाठ.
शिंगणे मॅडम म्हणाल्या, डॉक्टर बाई करू, काय बिघडतं?
गोष्ट साधीच: गावाच्या पाण्यात विष आहे
हे तिला कळतं, ती सांगते,
आणि ज्या पाण्यावर गावाचं पोट
ते गाव तिला वैरी ठरवतं.

मला एकच वाक्य. दारुड्याचं.
भरल्या सभेत सगळे तिच्याविरुद्ध हात वर करतात
तेव्हा मी झोकांड्या खात: "मपला नाही!"
तेवढ्यासाठी दीड महिना तालीम.
"नीट झिंग," मॅडम ओरडायच्या,
"शुद्धीवर असल्यासारखा बोलायलास."

नगरपालिकेचं सभागृह मिळालं फुकट.
बॅनर जारच्या पाणीवाल्यांचा,
विंगेत त्यांचेच वीस-वीस लिटरचे चार जार,
पहिल्या रांगेत ते स्वतः,
सत्काराची शाल अजून खांद्यावर,
पंखे बंद.

सभेचा प्रवेश. आमची बारा पोरं
प्रेक्षकांत पेरलेली.
मुंजाजीनं अध्यक्षाच्या आवाजात विचारलं,
"ही बाई गावाची वैरीण आहे
असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

बारा हात गेले, ठरल्याप्रमाणे.
मग तेरावा.
मग पहिली रांग, हसत हसत,
मग वारा घ्यायला धरलेल्या पत्रिकांसकट मागच्या रांगा,
मग बायकांची बाजू, पदर सावरत.
बांगड्या वाजल्या हॉलभर.
कुणी शिट्टी मारली.
आफरीन वाक्य विसरली नाही.
फक्त जो ग्लास प्यायचा होता
तो तिनं टेबलावर परत ठेवला.

माझी आई चौथ्या रांगेत होती.
तिचाही हात.

मला झिंगता येईना.
बँडच्या कोटात सरळ उभा राहिलो,
डोळ्यांत घाम, आणि म्हणालो ते वाक्य
जरा हळूच. हशा पिकला.
मागून कुणी म्हणालं, पोरगं खरंच पिऊन आलंय.

रात्री आईनं तोंडाला फडकं बांधून हंडा भरला.
नळ आठ दिवसांनी आलेला.
"चांगलं झालं की तुमचं," म्हणाली,
"पण तुलाच का रे दारुड्या केलं?"
म्हणालो, त्या गावात नाही म्हणणारा तेवढाच होता.
आन् तू का गं हात वर केलास?
"सगळ्यांनी केला,"
फडक्यावर राहिलेला गाळ
चिमटीत चोळून बघत ती म्हणाली.

मग फडकं झटकलं, पिळलं, दोरीवर टाकलं.
"त्या पोरीला उद्या जेवायला बोलव.
लई वरडली बिचारी.
घसा बसला असंल."