बुरेक म्हणजे खिमा

बुरेक म्हणजे खिमा. विषय संपला.
चीज भरलंत तर ती सिरनित्सा,
बटाटा भरलात तर क्रोम्पिरुशा,
पालक असला तर झेल्यानित्सा,
आणि सगळ्यांचं मिळून आडनाव पिटा.
आमच्या त्राव्निकला पोरांना हे
डावा-उजवा हात कळायच्या आधी कळतं.

स्वेतोझार शाबात्सचा.
बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात,
मध्ये तर अख्खी द्रिना नदी.
पहिल्यांदा घरी आला तेव्हा आईनं विचारलं,
काय खाशील?
म्हणाला, बुरेक. चीज घातलेला.
आईनं लाटणं खाली ठेवलं.
माझा भाऊ रिफेत तोंड दाबून अंगणात पळाला.
"म्हणजे बाळ," आई म्हणाली,
"खिम्याशिवायचा खिमा हवाय तुला?"

तरी लग्न झालं.
मग मारिबोर, स्टेशनमागची दोन खोल्यांची जागा,
खाली कोपऱ्यावर टपरी.
टपरीवर पाटी: सफरचंदाचा बुरेक.
तिच्याखाली: पिझ्झा बुरेक.
ती वाचून आम्ही दोघं
आयुष्यात पहिल्यांदा
एका बाजूनं भांडलो.

रविवारी टेबलभर पारी ताणायची,
मेणकापडावरच्या चेरी
खालून दिसायला लागेपर्यंत.
एका कडेला मी, समोर तो,
मध्ये ते श्वासानंही फाटेल असं काहीतरी.
तो चीज कुस्करायचा, कोपऱ्यात जरा जास्तच,
ओव्हन उघडून ओरडायचा, बुरेक झाला!
सिरनित्सा, मी म्हणायचे.
एकतीस वर्षं.
फाटली कधी कधी. पारी म्हणतेय मी.

गोडात तर बोलायची सोय नाही.
सफरचंदाची ती माझी याबुकोवाचा.
त्याच्या लेखी ती नुसती पिटा.
श्ट्रुडला म्हटलं की त्याला
खसखस भरलेली जाड वळकटी आठवायची,
सासूबाई सणाला धाडायच्या ती, वर्तमानपत्रात बांधून.
आता लेक ग्राझला असते.
याबुकोवाचाचा फोटो पाहून म्हणाली,
अय्या, श्ट्रुडेल!
मी फोन ठेवून दिला. दहा मिनिटांनी
परत केला, पाककृती सांगितली.
नाव सांगितलं नाही.

मार्चमध्ये दवाखान्यात, चौथ्या मजल्यावर,
नर्सनं विचारलं, घरून काही मागवायचंय?
तो माझ्याकडे न बघता म्हणाला,
सिरनित्सा.
नर्सला कळलं नाही. मला कळलं.
असा राग आला मला.
एवढ्यात हरायला कुणी सांगितलं होतं?
करून नेली. दोन घास खाल्ले.
मी म्हणाले, कसा झालाय रे बुरेक?
तो झोपला होता.

आज टपरीवर गेले.
प्रिझ्रेनचा पोरगा, हातभर पीठ,
काय देऊ, आजी?
जिभेवर दोन्ही शब्द आले
आणि दारात अडकली दोन माणसं
तुम्ही आधी, तुम्ही आधी करतात, तसे अडकले.
शेवटी बोट दाखवलं.
तो. नाही, त्याच्या शेजारचा. करपलेल्या कडेचा.
कागदात गुंडाळत तो म्हणाला,
एक बुरेक, चीजचा, अडीच युरो.

मी दुरुस्त केलं नाही.
फक्त वळून पाहिलं,
रांगेत त्राव्निकचं कुणी नाही ना.