उत्तरदाती क्रमांक चार

रात्रीचे अडीच. कूलरचा पंप पाणी ओढत नाही,
नुसता घरघरतो,
आणि मी विभागाचं सूचनापत्र
अकराव्यांदा वाचते आहे.
डावा समास दीड इंच, उजवा एक.
शब्दमर्यादा पंधरा हजार,
पाच टक्के कमी-अधिक चालेल.
कुणाला चालेल, ते लिहिलेलं नाही.

माझे चौदा हजार एकशे नव्वद.
साठ कमी.
तळटीपा धरल्या तर भरतात,
पण तळटीपा धराव्यात का, यावर पत्र गप्प
आणि उमाठे मॅडमचा फोन बंद.
प्रज्वलचा मेसेज येतो:
टेन्शन नको घेऊ बे, मोजून कोण राहिलं?
त्याचे आधीच पुरले आहेत. त्याला झोप येते.

मोजून कोण राहिलं.
इंदिराबाई पराते मोजत होत्या.
गोळीबार चौकाच्या मागे, खड्ड्यात पाय सोडून,
ताण्यावरून बोटं फिरवत, ओठ न हलवता.
मी वहीत लिहिलं होतं: चष्म्याला दोरा.
विचारलं होतं, मावशी, एखादा धागा सुटला तर?
त्या धोटा हातात धरून थांबल्या.

सुटला तं दिसते वं.
नेसणारीले नाही दिसत.
मले दिसते.

हे प्रकरण तीनमध्ये आहे,
दोन्हीकडून आत सरकवून, अक्षर अकराच्या आकारात.
अवतरणं शब्दसंख्येत धरत नाहीत, असं आता वाचलं.
म्हणजे साठ नाही, कितीतरी जास्त कमी आहेत.
बाहेर कुणाची तरी बाइक सुरू होत नाही, होत नाही, होते.

निघताना त्यांनी बशीतला चहा संपवला
आणि माझ्याकडे न बघता विचारलं,
माह्यं नाव येईन ना त्यात?
हाव, मी म्हटलं. लगेच म्हटलं.
कलम नऊ तेव्हा वाचलेलं नव्हतं:
माहिती देणाऱ्यांची नावे उघड करू नयेत.

तेव्हा सतरा ठिकाणी शोधलं, सतरा ठिकाणी बदललं.
उत्तरदाती क्रमांक चार, वय चौसष्ट, शिक्षण तिसरी.
स्क्रीनवर आलं: पूर्ण झाले.

पहाटे ऋणनिर्देश लिहायला घेतला.
त्याच्याबद्दल पत्रात एकच ओळ आहे,
एका पानापेक्षा जास्त नको.
मॅडम. ग्रंथालयातले मेश्रामकाका. आई.
बाबा, ज्यांना अजून वाटतं मी बी.एड. करते आहे.
मग चष्म्याचा दोरा लिहिला, बशी लिहिली,
आणि पूर्ण नाव, आडनावासकट.
त्या चार नंबरच्या आहेत हे कुठेच म्हटलं नाही.
कलम नऊ मोडलं की नाही, मला ठरवता येत नाही.
मोजले, तर त्या तेवढ्याचे बरोबर साठ शब्द.
ऋणनिर्देश शब्दसंख्येत धरत नाहीत.

दहा वाजता धरमपेठेत झेरॉक्सवाल्याकडे.
ऊन आधीच दुकानाच्या आत.
त्यानं गठ्ठा टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या,
पानांना भोकं पाडली, एका दमात चाळीस-चाळीस.
मी पाहत होते पान चारचं भोक
कुठल्या अक्षराला लागतंय का. नाही लागलं.
समास दीड इंच होता.

कव्हर निळं टाकू का काळं, त्यानं विचारलं.

पत्रात नाही.
थांबा दादा, मी म्हटलं,
आणि पत्र पुन्हा उघडलं.