नऊशे फिल्स

काठी विकत घ्यायची नसते, परकारचाचा म्हणाले,
ती पडलेली असते.
सित्र्यात नर्सरीच्या भिंतीमागे
माळी खजुराच्या झावळ्या छाटून टाकतात,
त्यातली एक उचल, महिनाभर वाळलेली.
पातं ओरबाडून काढ, काटे तासून टाक,
शेंडा वाकवून बघ:
वाकून परत सरळ होते ती आपली,
कट्ट म्हणते ती चुलीची.

चूल कुठंय इथे, मी म्हटलं.
चाचा हसले नाहीत.

दोरा सहाशे फिल्स. गळ तीनशेला दहा,
करंगळीच्या नखात मावतील एवढे.
शिसं नको, डक्टच्या कामातला एक नट खिशात घालून आण.
(आणला. गेटवर झडती झाली असती
तर एका नटाबद्दल काय सांगणार होतो, कुणास ठाऊक.)
तरंगायला नव्या एसीच्या खोक्यातलं थर्माकोल,
बोराएवढं कापलेलं,
वर नेलपॉलिशचा लाल ठिपका, लांबून दिसावा म्हणून.
नेलपॉलिश कुठून आलं ते मी विचारलं नाही.

मी मेहकरचा.
आमच्याकडे उन्हाळ्यात पैनगंगा चालत ओलांडतात.
वडील डेपोत एसटीचे टायर बदलायचे.
गाठ म्हणजे मला बुटाची ठाऊक, आणि करदोट्याची.
"ए घाटी, असा नाय.
नेढ्यातून घाल, मागे आण, पाच वेढे दे,
टोक पहिल्या फाशात. हां. आता थुंक."
कुठे?
"गाठीवर. सुका ओढलास तर दोरा आतल्या आत जळतो.
दिसत नाय.
मासा लागला की दिसतो."

तीन वेळा सुटली. चौथ्यांदा ओढली तेव्हा
दोरा इतका मुकाट्याने बसला
की मीच दचकलो.

मग त्यांनी त्यांच्या डब्यातून दुसरा दोरा काढला,
हातभर, केसासारखा,
आणि माझ्या चांगल्या जाड दोऱ्याच्या पुढे जोडला.
गळ सोडून पुन्हा त्या बारीक टोकाला बांधायला लावला.
हा कशाला? तुटेल की.
"तुटायलाच आहे तो."
पुलाखाली दगड आहेत, कुणाचे टायर, जुनी केबल.
गळ अडकणारच, चाचा म्हणाले.
सगळा दोरा सारखाच जाड असला
तर काठी मोडते, नाहीतर तळहात चिरतो.
"कुठून तुटायचा ता घरीच ठरवून यायचा.
मग नुसता गळ जातो. तीस फिल्स."

शुक्रवारची दुपार. पाणी कोमट, जवळजवळ पांढरं.
पलीकडे टाक्यांची रांग, एकही सावली नाही.
कालचा खुबूस ओला करून मळला,
गोळी वाटाण्याएवढी,
गळाचं टोक आत लपेल इतपत.
पहिला गळ दगडाने घेतला. दुसरा केबलने.
काठी राहिली, हात राहिला.
तिसऱ्या वेळी लाल ठिपका आधी थरथरला,
मग नव्हताच.

साफी. तळहाताएवढी, करडी, अंगभर फिकट ठिपके.
पाठीवरचे काटे ताठ.
"हात लावू नको, रात्रभर रडशील. फडक्यात धर."
फडक्यात धरूनच कुंदाला फोनवर दाखवली.
ती म्हणाली, हिच्यापेक्षा फोन मोठा आहे,
आणि किती पैसे घातले?
नऊशे फिल्स, मी म्हटलं. ती मनात गुणाकार करत राहिली.
मग म्हणाली, आणि अजून किती वर्षं?

मी दोरा गुंडाळत होतो.
घरून निघताना आम्ही सगळं मोजलं होतं,
एजंटचे, तिकिटाचे, बहिणीच्या पतपेढीचे.
हे तेवढं ठरवलं नव्हतं.
नेट गेलं की तिने ठेवला, कळलं नाही.

चाचा शेजारी केव्हाचे गप्प बसून होते.
त्यांचा गळही गेला होता,
नवा गळ एका हातात, दोरा दुसऱ्या हातात,
दोन्ही आभाळाकडे धरलेले.
नेढं कुठाय रे ह्याचा, ते म्हणाले.
एकतीस वर्षं इथे. चष्मा खोलीवर.

मी गळ घेतला.
आत घातला, मागे आणला, पाच वेढे,
टोक पहिल्या फाशात,
आणि थुंकलो.