मनिऑर्डरच्या पाठीवर

आमच्या उभादांड्याच्या पोस्टात
जुन्या मनिऑर्डर फॉर्मांचे गठ्ठे पडून आहेत.
कुणी मागत नाही, फेकायचा हुकूम नाही.
त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी स्वयंपाक शिकतोय.
वय एकोणपन्नास, गाव वाशीम,
आजवर येत होता फक्त चहा, तोही उतू जाणारा.

शिकवते द्वारका गिरप.
साडेनऊला पायरीवर पाटी टेकवते
आणि बांगड्याचे कल्ले काढता काढता जे बोलते
ते मी उतरवून घेतो, रजिस्टर पत्राच्या नोंदीसारखं.

'कढयेत चमचो फिरवू नको, मासो मोडता.
टोप दोनी कानांनी धर नि नुसतो हलय.'

तिरफळाची काळी बी टाकून दे.
साल तेवढी ठेच, ती शेवटी घाल.
आधी घातलीस तर कडू होईल
आणि नावं मला ठेवशील.

कुळथाचं पीठ थंड पाण्यात कालव,
गरम पाण्यात गुठळ्या होतात.
(विचारलं, झाल्याच तर?
म्हणाली, भजी समजून खा.)

घावनाचं पीठ ताकासारखं पातळ.
अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरव.
पहिलं घावन फाटतंच,
ते कावळ्याचं. त्यावरून स्वतःला जोखू नको.

हाताला माशाचा वास राहिला
तर साबण झिजवू नको, आमसूल चोळ.
तरी राहिला तर राहू दे,
दर्याकाठी नोकरी घेतलीस ना.

फणसाआधी हातांना खोबरेल, विळीलाही खोबरेल.
हे तिनं सांगितलं फणस कापून झाल्यावर.
त्या दिवशी पोस्टातली सगळी तिकिटं
गोंदाशिवाय चिकटली.

एकदा म्हणाली, वाच बघू काय लिवलंस.
वाचत गेलो. ती मान हलवत होती.
'मीठ, अर्धा चमचा' आलं तशी कोयती थांबली.
'चमचो खयसून इलो हेच्यात?
मी खय सांगलंय चमचो?'
मग किती?
'हात सांगात तेवडा.'

लाल शाईनं चमचा खोडला,
वर लिहिलं, हात सांगेल तेवढं,
आणि बाजूला सही केली.
खाडाखोड झाली की करावी लागते.

रात्री वाशीमला फोन लावला.
रत्नमालाची शाळा तिकडे, बदली होत नाही.
म्हटलं, आज बांगड्याची कढी केली, मी.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, तुम्ही?
आणि जरा वेळानं, कशी करतात ती?
मी फॉर्म शोधून सगळं वाचून दाखवलं.
चौदा मिनिटं. एवढं आम्ही
एरवी महिन्यातही बोलत नाही.

आज रविवार. वारा उलटा, होड्या वर ओढलेल्या,
द्वारका आली नाही.
एकट्यानं पिठी लावली. गुठळी एकही नाही.
मिठाच्या बरणीत हात घातला आणि थांबलो,
तो काय सांगतो ते ऐकायला.

हात काही बोलत नाही अजून.
पिठी खारट झाली, चांगलीच.

फॉर्म नंबर अकरा, तेलाचा डाग असलेला:
खारट झालं तर नारळाचा रस वाढव,
आणि जेवायला एक माणूस.

नारळ ओला करून घेतला, म्हणजे सरळ फुटतो.
सरळ फुटला.
आता पोस्टमन रेडकरला हाक मारतो.
का बोलावलं, ते सांगणार नाही.